पऱ्हाटीची जमीन

उन्हाळ्यात अकोला-अमरावतीकडच्या भारी रानात चालताना पाय जपून टाकावा लागतो. भेगा एवढ्या की हाताचा पंजा सहज आत जावा. उन्हाने भुरभुरीत झालेली वरची माती या भेगांत पडत राहते. मृगाचा पाऊस आला की जमीन फुगते, भेगा मिटतात आणि वरची माती खाली गाडली जाते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात, ते यामुळे. करामत असते ती बेसाल्ट झिजून झालेल्या चिकणमातीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाची. ते पाणी पिऊन फुगतं आणि प्यालेलं पाणी सावकाश सोडतं.

पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हा सावकाशपणाच हवा असतो. पाऊस गेला तरी बोंडं भरायची बाकी असतात. ती आश्विन-कार्तिकात जमिनीतल्या ओलीवर भरतात. बोंड फुटल्यावर मात्र पाऊस नको, नाहीतर रुई काळवंडते. खाली ओल आणि वर कोरडं आभाळ, हा योग वऱ्हाडात जुळतो. तागाची तऱ्हा वेगळी. तो बंगालच्या गाळात, दमट हवेत वाढतो आणि कापल्यावरही त्याला साचलेलं पाणी लागतं, कारण कुजवल्याशिवाय वाख सुटत नाही. 1947 साली तागाची बहुतेक शेतं पूर्व बंगालात गेली, गिरण्या हुगळीकाठी राहिल्या. मग भारताने ताग वाढवला तोही पश्चिम बंगाल, आसाम, बिहार या ओल्या पट्ट्यातच.

पण काळी माती म्हणजे कापूस, हे समीकरण मला अर्धंच वाटतं. कापूस मातीने निवडला. कोणता कापूस, हे गिरण्यांनी ठरवलं. हिंगणघाटचा देशी कापूस नावाजलेला होता, पण लँकेशायरच्या यंत्रांना अमेरिकी लांब धाग्याची सवय. 1840च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून मळेवाले आणून ते बियाणं इथे रुजवून पाहिलं. ते धारवाडकडे धरलं, इतरत्र बहुतेक फसलं. पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, भाव चढले आणि 1870 साली खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वे आली. त्यानंतर शंभर वर्षांनी गुजरातेत एच-4 हा संकरित कापूस निघाला, 2002 साली बीटी बियाणं आलं आणि बघता बघता अमेरिकी जातीच्या संकरित वाणांनी रानं व्यापली.

वऱ्हाडातली सगळी जमीन भारी नाही, ही गोष्ट या धांदलीत मागे पडली. टेकडीच्या बाजूला हात-दीड हातावर मुरूम लागतो. देशी पऱ्हाटीचं सोटमूळ ओलीच्या मागे खोल जातं, ताणाला ती सहसा दबत नाही. संकरित वाण खत-पाण्याचं भुकेलं आणि लांब मुदतीचं. परतीचा पाऊस चुकला की हलक्या रानात ऐन बोंडं भरायच्या वेळी ओल संपते, पातेगळ होते, उरलेली बोंडं अर्धवटच उमलतात. चार महिन्यांत तहानणाऱ्या जमिनीवर सहा महिन्यांचं पीक उभं असतं, आणि बी-खताचा खर्च मात्र भारी रानाएवढाच झालेला असतो.