सावलीतलं रोप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



यंदा वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारत होते, पण मन काही तिथे नव्हतं. चारच दिवसांपूर्वी मुलानं सांगितलं होतं, "आई, आम्ही दोघं भाड्यानं वेगळं घर घेतोय." शहर तेच, आपलं वडोदराच, फक्त दुसरं टोक. तरी मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. हातात सूत आणि डोक्यात एकच विचार, आपलं काय चुकलं?

सोबत भाची होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "मावशी, एवढा मोठा वड आहे, पण याच्या सावलीत वडाचं एक तरी रोप दिसतंय का? आणि समोर बघ." समोरच्या जुन्या इमारतीच्या भिंतीला, फटीतून वडाचं छोटं रोप डोकावत होतं. पाखरानं फळ खाल्लं आणि बी तिकडे पडलं.

मग घरी आल्यावर तिनं मला पनामा देशातल्या बॅरो कोलोरॅडो बेटाची गोष्ट सांगितली. तिथल्या जुन्या जंगलात 50 हेक्टरचा, म्हणजे साधारण सव्वाशे एकरांचा पट्टा शास्त्रज्ञांनी आखून घेतला आहे. एक सेंटिमीटर जाडीच्या खोडापासून पुढचं प्रत्येक झाड मोजलेलं, नकाशावर टिपलेलं. दोन लाखांच्या वर झाडं, सुमारे तीनशे जाती. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पहिली मोजणी झाली आणि पुढे दर पाचेक वर्षांनी होत राहिली.

अशा जुन्या जंगलांत काय दिसतं? बहुतेक बिया आईच्या पायाशीच पडतात, म्हणून रोपं घोळक्यानं उगवतात. पण वय वाढतं तसे घोळके विरळ होत जातात. मोठी झालेली झाडं लहानांपेक्षा लांब लांब उभी असतात. सगळ्या जातींत हे सारखं नसतं, काहींचे घोळके मोठेपणीही थोडे टिकतात. पण गर्दीतून अंतराकडे, अशी वाट पुष्कळांची.

असं का होतं? ऊन-पाण्याची ओढाताण तर असतेच. शिवाय 1970 मध्ये डॅनियल जॅन्झेन आणि 1971 मध्ये जोसेफ कॉनेल यांनी आणखी एक कारण मांडलं. प्रत्येक जातीची आपली अशी कीड असते, बुरशी असते. ती आईच्या आसपास साठलेली असते. आई थोर असते, तिला ते सोसतं. कोवळ्या रोपाला सोसत नाही. कॅरोल ऑगस्पर्गर यांनी याच बेटावर एका झाडाची रोपं पाहिली, तेव्हा आईजवळची रोपं बुरशीनं जास्त मेली आणि लांब पडलेली जास्त जगली.

हे ऐकलं आणि माझ्या काळजात लख्ख झालं. आईचा यात काही दुष्टावा नाही हो! पण माझी सततची काळजी, माझी भीती, "आमच्या वेळी असं नव्हतं" हे टोचणं, हे सगळं मला तीस वर्षांत पचून गेलंय. त्या नव्या संसाराला ते कसं पचावं?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात कपोत, म्हणजे कबूतर आहे. पिलं पारध्याच्या जाळ्यात सापडली, तर मायेपोटी आई जाळ्यात गेली, पाठोपाठ बापही गेला. पिलं वाचली नाहीतच, आईबापही गेले. त्याच ठिकाणी अवधूत सांगतो की वृक्षाकडून दुसऱ्यासाठी जगणं शिकलो. माया कबुतराचीही आणि झाडाचीही. एकीला सोडता आलं नाही, दुसरीनं बी वाऱ्यावर, पाखरावर सोपवलं.

याचा अर्थ एकत्र राहूच नये, असा मुळीच नाही. एका छताखालीही अंतर राखता येतं, आणि वेगळ्या घरात जाऊनही फोन करकरून ते मोडता येतं. अंतर म्हणजे दुरावा नव्हे. दुसऱ्याच्या वाटचं ऊन त्याला मिळू देणं, एवढंच.

त्या रात्री मी सूनबाईला फोन केला. "सामान लावायला येऊ का?" असं विचारणार होते. त्याऐवजी विचारलं, "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा सांगा, मी येईन." ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "आई, रविवारी या ना, जेवायलाच." खोटं कशाला सांगू, मुलाच्या रिकाम्या खोलीत दिवा लावताना अजून डोळे भरतात. पण तो दिवा आता तक्रारीचा राहिला नाही.

या आठवड्याची साधना : रोजची एक माळ मुलांसाठी करा, पण काहीही न मागता. आणि दिवसातून एकदा, सल्ला अगदी ओठांवर येईल तेव्हा, तो गिळून नाम घ्या. माझाही प्रयत्न चालू आहे.

काही उणं-अधिक लिहिलं गेलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्यावं. ही अल्पशी सेवा गुरुमाउलींच्या चरणी अर्पण.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥