झडतीनंतर जे उरतं

युद्धात हरलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी कोणाची? जिंकणाऱ्याची, असंच उत्तर जग शतकानुशतकं देत आलं. 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळी पानिपतावर तर अंगठीचा प्रश्नही गौण होता; माणूसच लुटीत जमा झाला होता. मराठ्यांच्या छावणीतल्या बायका-मुलांची विजेत्यांमध्ये गुलाम म्हणून वाटणी झाली. जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता झाला, त्याच्या कनवटीला काय आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता.

ही समजूत उलटी फिरायला लागलेला काळ फार नाही, जेमतेम दोनशे-अडीचशे वर्षांचा. युद्धकैद्यांच्या हक्कांबद्दल बोलताना आपण अन्न, औषध, मारहाण यांच्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातली एक लहानशी कल्पना फार मोलाची वाटते: पकडलेल्याच्या खिशातली वस्तू त्याचीच राहते. कैद्याला माणूस मानलं की नाही, हे मी या एका गोष्टीवरून ठरवतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1863 मध्ये, लिंकन यांच्या सैन्यासाठी कायदेपंडित लीबर यांची नियमावली निघाली. कैद्याचं घड्याळ, दागिने, पैसे, जास्तीचे कपडे ही त्याची खासगी मालमत्ता आहे आणि ती लाटणं हे अप्रतिष्ठेचं कृत्य आहे, असं त्यात बजावलं होतं. 1899 च्या हेग कराराने तेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांमध्ये नेलं. शस्त्रं, घोडे आणि लष्करी कागदपत्रं सोडून बाकी सगळं कैद्याचं.

दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी पकडलेले बोअर शेतकरी-शिपाई 1901 मध्ये आपल्याकडे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आणून ठेवले होते. हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या छावण्यांत मिळून ते सुमारे 9 हजार होते. त्यांच्या प्रजासत्ताकांना हेगच्या परिषदेचं बोलावणंसुद्धा नव्हतं. सिलोन, सेंट हेलेना, बर्म्युडा, हिंदुस्थान, जिथे जिथे बोअर कैदी होते तिथे त्यांनी हाडं, शिंगं, लाकडाचे तुकडे कोरून डब्या केल्या, चिलमी केल्या, काठ्या केल्या. असल्या वस्तूंवर बरेचदा छावणीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. दिवस जाता जात नाही, तेव्हा हाताला काम हवं, हे एक कारण झालं. पण साल कशासाठी? मला वाटतं, ही वस्तू एक दिवस घरी पोहोचेल आणि कोणीतरी ती वाचेल, अशी खात्री असल्याशिवाय माणूस साल कोरत नाही.

ती खात्री सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली आणि सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली. 1899 च्या करारावर तुर्कस्तानचीही सही होती. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी तलवार पुढे केली, ती तुर्की सेनापती खलील पाशाने घेतली नाही. टाउनशेंड यांच्या लाडक्या कुत्र्याला बसऱ्याला आपल्या लोकांकडे जाऊ दिलं. शिपायांचे मात्र बूट गेले, पांघरुणं गेली. काही पहारेकऱ्यांनी हिसकावली, काही पोटासाठी त्यांनीच देऊन टाकली, आणि पुढे वाळवंटातून शेकडो मैलांची चाल होती. कितीतरी हिंदी शिपाई रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. एकाच शरणागतीत साहेबाची तलवार त्याची राहते आणि शिपायाचा बूट राहत नाही, याचा मला आजही संताप येतो. कागदावरचा नियम हुद्दा पाहून पाळला गेला.

त्याच कैद्यांत बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे शिशिर सर्वाधिकारी होते. त्यांनी आपली रोजनिशी फाडली, तुकडे बुटात दडवले आणि पुढे त्यांवरून ती पुन्हा लिहून काढली. कुतच्या बंदिवासाची एका हिंदी माणसाने लिहिलेली हकीकत आपल्याला मिळाली ती अशी.

1929 च्या जिनिव्हा कराराने ओळखबिल्ला, हुद्द्याची चिन्हं, पदकं आणि मौल्यवान वस्तू काढून घ्यायला मनाई केली. पण हे सगळं परक्या सैनिकासाठी. ऑगस्ट 1942 मध्ये त्याच नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद यांना विनाचौकशी डांबलं, तेव्हा त्यांच्यासाठी असा कोणताही करार नव्हता. सुरुवातीला वर्तमानपत्रं बंद, पत्रंही बंद. मौलाना आझाद आपल्या मित्राला पत्रं लिहीत राहिले, ती टपालात पडणारच नव्हती. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते किल्ल्यातच होते. ती पत्रं 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली.

युद्धकैद्यांबद्दलच्या 1949 च्या जिनिव्हा कराराचं अठरावं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. ज्यांचं मोल मुख्यतः व्यक्तिगत किंवा भावनिक आहे, अशा वस्तू कैद्याकडून घेता येणार नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमाने, नोंद करून आणि पावती देऊन. बाजारात ज्याला कवडीचीही किंमत नाही त्याला कायद्याने सोन्याच्या बरोबरीला बसवलं.

भारत-पाकिस्तान युद्धात 10 डिसेंबर 1971 ला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परूळकर यांचं विमान पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. तिथे रेडक्रॉसची पार्सलं येत. साधी शिवणाची सुई चुंबकित करून कैद्यांनी होकायंत्र बनवलं. शाळकरी नकाशाची वही वाट शोधायला घेतली. झडती घेणाऱ्याला त्यात काय दिसणार? 13 ऑगस्ट 1972 च्या पहाटेपूर्वी भिंत फोडून परूळकर आणि त्यांचे सहकैदी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतलला पकडले गेले. छावणीचे आधीचे प्रमुख उस्मान हमीद यांनी फोनवर ‘ही आमची माणसं’ अशा अर्थाची ग्वाही दिली, म्हणून स्थानिकांच्या तावडीतून ते वाचले. शिक्षा झाली ती तीस दिवसांच्या एकांतवासाची. पळून जाण्याच्या प्रयत्नाला यापेक्षा जास्त देता येत नाही, हेही त्याच करारात आहे. 1 डिसेंबर 1972 ला ते वाघ्याहून भारतात आले.

या कराराचं 122 वं कलम फारसं कोणी वाचत नाही. कैदी सुटला, मेला किंवा पळून गेला, तर त्याच्या मागे राहिलेल्या मौल्यवान वस्तू आणि घरच्यांना महत्त्वाचे असलेले कागद गोळा करायचे, सीलबंद पाकिटात घालायचे, आतल्या एकेका वस्तूची यादी आणि मालकाची पुरती ओळख सोबत जोडायची आणि त्याच्या देशाकडे पाठवायचे. जो भिंत फोडून पळाला, त्याचंसुद्धा पाकीट त्याला पकडून ठेवणाऱ्यांनीच बांधून द्यायचं.