नामकरणाचा अधिकार

माझ्या परिचयातील एका तरुण दाम्पत्याने आपल्या कन्येसाठी ‘ओंजळ’ हे नाव मनाशी योजिले असून, त्यावरून घरात उत्पन्न झालेल्या वादाचा निवाडा मी करावा, अशी त्यांची इच्छा आहे. आजीची हरकत अशी, की ओंजळीने पाणी प्यावे, देवाला फुले वाहावीत, लेकीची ओटी भरावी. पण त्या शब्दाने लेकीला हाक कशी मारावी? आईबापांचे उत्तर असे, की ‘अंजली’ हे नाव ज्या समाजात शंभर घरी आढळते त्याने तिच्याच मराठी रूपाला का बिचकावे? दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. परंतु ज्या जीवाला हे नाव आमरण वागवावयाचे आहे, त्याचे म्हणणे या वादात अद्याप कोणीच मांडलेले नाही, आणि ते मांडणे हेच मला माझे कर्तव्य वाटते.

नाव अपरिचित आहे एवढ्याच कारणाने ते त्याज्य ठरत नाही. कविता, भावना, प्रेरणा, रचना हे आधी भाषेतले साधे शब्द होते आणि मग घराघरांतल्या मुली झाल्या. या विषयाचा विचार आपल्या पूर्वजांनीही बारकाईने केला आहे. पतंजलीने महाभाष्यात पुत्राचे नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावे, ते घोषवर्णाने आरंभ होणारे आणि दोन किंवा चार अक्षरांचे असावे, असे सांगितले. आणि स्त्रियांची नावे उच्चारास सुलभ, स्पष्ट अर्थाची व मंगल असावीत, हे मनुस्मृतीने सांगितले. या शेवटच्या कसोटीला ‘ओंजळ’ सहज उतरते. पण त्याच स्मृतीने त्याच अध्यायात, थोडे आधी, ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे मात्र जुगुप्सित असावे, असा दंडक घातला आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. त्यामागील कारणे आपण सांगतो तेव्हा हे कारण क्वचितच सांगितले जाते, की त्या ग्रंथाने पाळण्यातल्या, अजून डोळेही न स्थिरावलेल्या बालकाच्या अंगावर त्याची हीनता शब्दरूपाने कायम करण्याचा हुकूम दिला होता. दुसऱ्याला नाव देणे ही केवढी मोठी सत्ता आहे, हे ज्याला अजमावून पाहावयाचे असेल त्याने तो श्लोक एकदा वाचावा.

कठोर शब्द मात्र सदैव द्वेषातूनच येतो असे नाही. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत. मृत्यूची दृष्टी या लेकरावरून, जणू ते वाटेवरचा दगड आहे अशा समजुतीने, पुढे सरकावी, ही त्या मातेची याचना त्या नावात असे. पुढे या कुळातल्या एका नावाला, धोंडो केशव कर्वे यांच्या कर्तृत्वामुळे, असे तेज आले की मूळचा दगड कोणाच्या ध्यानातही उरला नाही. याच्या शेजारी ‘नकुशा’ हे नाव ठेवून पाहावे. एकापाठोपाठ मुली झाल्या की नंतरच्या मुलीला हे नाव द्यावयाचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, अशी ती समजूत. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात २८५ मुलींनी हे नाव टाकले आणि नव्या नावांचे दाखले हाती घेतले; काहींनी चित्रपटातल्या नायिकांची नावे निवडली, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही. धोंडूच्या आईला ते मूल हवे होते आणि नकुशाच्या घराला ते नको होते, हा भेद खरा. तथापि मुलाला आईबापांचा हेतू ऐकू येत नाही, त्याला शब्द ऐकू येतो, आणि शाळेच्या हजेरीत दररोज सकाळी तोच शब्द सर्वांदेखत उच्चारला जातो.

आजच्या सुशिक्षित घरांतून नकुशा नाहीशी झाली असली, तरी अपत्यावर आपली इच्छा कोरण्याची प्रवृत्ती नाहीशी झालेली नाही. आपल्या विद्वत्तेची साक्ष म्हणून एखादा दुर्घट जोडाक्षरी शब्द शोधणे, आपल्या मताची घोषणा मुलाच्या कपाळी लावणे, किंवा जगात दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे म्हणून कोशात कोठेही नसलेली अक्षरे जुळवून त्यांना मनाचा अर्थ चिकटविणे, हे सारे मुलासाठी होत नसून पाहणाऱ्यांसाठी होते. म्हणून त्या दाम्पत्याला मी एवढेच विचारले: हा शब्द तुम्हांला मुलीला द्यावयाचा आहे, की लोकांना दाखवावयाचा आहे? मुलीची आई काही वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले, की गरोदरपणी ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत असे आणि यांत काय येईल याचा विचार करीत असे. मला ते उत्तर पुरेसे वाटले.

बारसे बाराव्या दिवशी होते, आत्या कानात नाव सांगते, आणि त्याच क्षणी सारे संपले असे आपण मानतो. सरकारी दप्तर आपल्याहून अधिक धीराचे आहे. जन्माची नोंद झाल्यावर बाळाचे नाव त्यात दाखल करण्यास बारा महिन्यांची मुदत विनाशुल्क मिळते, आणि त्यानंतरही विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते दाखल करता येते. ज्यांच्या घरी असा वाद चालू असेल त्यांनी ही मुदत अवश्य वापरावी. ते नाव काही महिने घरात नांदू द्यावे. अंगणातून मोठ्याने, तापातल्या मुलीच्या उशाशी हलक्या आवाजात, आणि रागावतानाही ते उच्चारून पाहावे. मुख्य म्हणजे आजीच्या तोंडी ते रुळते की अडखळते हे पाहावे, कारण मुलीला सर्वांत अधिक हाका तीच मारणार आहे. ‘ओंजळ’ या नावाला माझी संमती आहे. मात्र मुलगी वयात आल्यावर तिने राजपत्रात ते बदलून घ्यावयाचे ठरविले, तर त्या अर्जावर आईबापांनी मनात किंतु न ठेवता तिच्या बाजूने उभे राहावे, एवढे वचन त्यांनी आजच स्वतःला द्यावे.