झिजलेल्या बोटांची ओळख

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. आज येथे पुणे शहरात, तसेच तुमच्या गावी, रेशनच्या दुकानी बहुधा यंत्रावर बोट ठेवावे लागते. प्रत्येकाच्या बोटावरील रेषा निराळ्या. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने धान्य उचलणारा सापडतो, हे बरेच. परंतु भांडी घासून, विटा वाहून ज्यांच्या रेषा झिजल्या, त्यांस यंत्र कित्येकदा ओळखीत नाही. ज्या हातांनी अधिक कष्ट केले, तेच रिकामे परतावे काय? बोट जुळले नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांस कळविले आहे.

सीयोनेस वाटले, देव आपणांस विसरला. तेव्हा यशया संदेष्ट्याने तिला सांगितले की, तिची खूण देवाच्या तळहातांवर आहे. ती खूण झिजत नाही. देव ज्यांस ओळखितो, त्यांस आपण अनोळखी म्हणून कसे परतवावे? यास्तव, मंडळीतील एखाद्या वृद्ध कष्टकरी बाईबरोबर या आठवड्यात दुकानापर्यंत जा, हा नियम नम्रपणे सांगा, आणि तिची पिशवी भरेपर्यंत तिच्याजवळ उभे राहा.