दहा श्वास आणि एक कबुली

आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक 26. मन भटकणारच, भटकलं की न चिडता परत आणायचं, एवढाच अभ्यास.

परवा रात्री रिलीजनंतर सर्व्हर बसला. कॉलवर ज्युनिअरला झापणारच होतो. म्यूट केलं, डोळे मिटले, दहा श्वास मोजले. चार अंक आत, सहा अंक बाहेर. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे. चौथ्या श्वासाला मन पुन्हा लॉगमध्ये पळालं. परत आणलं.

डोकं शांत झालं तेव्हा आठवलं, तो कोड मीच तपासून पास केला होता.

खरा प्रश्न इथे आहे. ध्यान फक्त बरं वाटावं म्हणून केलं, तर ती डोकेदुखीची गोळी झाली. शांतपणे दुसऱ्याच्या माथी दोष मारला, तर ती शांती काय कामाची? म्यूट काढून म्हणालो, "रिव्ह्यू माझा होता, चूक माझी." ठोके पुन्हा वाढले, पण मन हलकं झालं.

आज चिडचिड झाली तर दहा श्वास घेऊन बघा. आणि मग स्वतःला विचारा, यात माझा वाटा किती?