दक्षिणा: कामाची की हक्काची?

पूजेआधीच गुरुजींनी आकडा सांगितला की 'धर्माचाही बाजार झाला' असा उसासा निघतो. पूर्वी सारे श्रद्धेने, यथाशक्ती चालत असे, असे आपण धरून चालतो. जुने ग्रंथ मात्र याबाबतीत आपल्याइतके सोवळे नाहीत.

सोमयागात सोळा ऋत्विज असत आणि त्यांचे चार वर्ग. पहिल्या वर्गाला पूर्ण वाटा, पुढच्यांना त्याच्या निम्मा, तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा, अशी वाटणी नेमून दिलेली होती. पूर्वमीमांसेने त्यामागचे तत्त्वही आडपडदा न ठेवता सांगितले: ऋत्विजांचे श्रम यजमान दक्षिणेने विकत घेतो, म्हणून यज्ञाचे फळ त्याचे. सत्र या यज्ञप्रकारात सगळे ऋत्विज स्वतःच यजमान असत. तिथे दक्षिणाही नसे.

विद्येचा हिशेब वेगळा ठेवला गेला. मनुस्मृतीनुसार शिष्याने समावर्तनापूर्वी, म्हणजे अध्ययन संपवून घरी परतण्याच्या संस्कारापूर्वी, गुरूला काही देऊ नये. नंतर शेत, सोने, गाय, नाहीतर छत्री, वहाणा, भाजीपाला, जे जमेल ते द्यावे. वेतन घेऊन शिकवणाऱ्याला तर श्राद्धाच्या पंगतीत स्थान नाही. बृहदारण्यकात जनक हजार गाई देऊ करतो, तेव्हा पूर्ण शिकवल्याशिवाय काही घेऊ नये, हे वडिलांचे मत याज्ञवल्क्य पुढे करतो.

यज्ञमंडप असो वा गुरुगृह, दक्षिणेमागे काहीतरी केलेले असले पाहिजे, ही अट दोन्हीकडे होती. द्रोणाचार्यांनी ती मोडली. ज्याला शिकवायला नकार दिला, त्या एकलव्याकडे त्यांनी अंगठा मागितला. काम नाही, पण हक्क आहे, हे दक्षिणेचे खरे अधःपतन.

महाराष्ट्रात या हक्काला व्यवस्थेचे बळ मिळाले. ग्रामजोशीपण वतन झाले. विधी दुसऱ्याकडून करवला, तरी वतनदार आपला हक्क सांगे. पुण्यात पेशव्यांच्या श्रावणातल्या रमण्यात, म्हणजे दक्षिणावाटपाच्या सोहळ्यात, विद्वानांचा गौरव होई, पण ब्राह्मणांच्या मोठ्या गर्दीला केवळ जन्मावर दक्षिणा मिळे. पेशवाई गेल्यावर दक्षिणेच्या या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यात वादळ उठले. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्ने लावून वतनाच्या मुळावरच घाव घातला. न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा मागता येणार नाही, असा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९२६ मध्ये.

या साऱ्या वाटचालीत दर ठरवण्याने कुणाचे फारसे बिघडले नाही. दर ठरला की 'नको' म्हणण्याची सोय तरी उरते. बिघडले ते मोबदला कामापासून तुटला तेव्हा. आज तो उलट्या बाजूनेही तुटतो. गुरुपौर्णिमेला फुले घेणारे कित्येक प्राध्यापक तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षे शिकवतात आणि पैशांचा विषय काढला की त्यांना गुरुपदाची आठवण करून दिली जाते. काम न करता दक्षिणा मागणे जितके वाईट, तितकेच काम करून घेऊन आदरावर बोळवण करणेही. श्रमाची किंमत उघड बोलायला मीमांसकांना कमीपणा वाटला नाही; आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही.