न फेकलेल्या चेंडूचे मोल

ज्या गुणाचा पुरावा केवळ अभावातच सापडतो, त्याचे मूल्य कोणत्या खतावणीत मांडावे, हा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधील कॉर्नरबॅक या बचावपटूच्या निमित्ताने मार्मिकपणे उभा राहतो. ओकलंड रेडर्सच्या नामदी असोमुघाने २००६ च्या हंगामात प्रतिपक्षाचे ८ चेंडू हवेतच हिरावले. पुढल्या चार हंगामांत मिळून त्याच्या नावे अवघे ३ जमा झाले, आणि तरीही त्याची कीर्ती वाढतच गेली. कारण आरंभरेषेवर चेंडू झेलू पाहणाऱ्या ज्या प्रतिपक्षी गड्याच्या छातीवर तळहात टेकवून तो पुढे सावलीसारखा धावे, त्याच्याकडे चेंडू फेकण्यास प्रतिपक्षाचा फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, सहसा धजेनासा झाला. रिकाम्या भूमीवरून घटाचा अभाव कळतो, म्हणून मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानले. त्या न फेकलेल्या चेंडूंची साक्ष याच जातीची.

२०११ मध्ये करारमुक्त होऊन, पाच वर्षांच्या मुदतीच्या आणि ६ कोटी डॉलरांच्या करारनाम्यावर तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे रुजू झाला. तेथील व्यूह निराळा, सोबती निराळे, आणि दोनच हंगामांनी, मार्च २०१३ मध्ये, त्याला मुक्त करण्यात आले. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, असे वैशेषिक दार्शनिक सांगतात; पण कौशल्य नावाचा गुण द्रव्याइतकाच संयोगाच्याही आश्रयाने राहत असावा. म्हणून त्या दोन वर्षांनी ओकलंडची वर्षे खोटी ठरत नाहीत. खोटा ठरतो तो खरेदीदाराचा समज, की माणूस उचलून नेला म्हणजे त्याचे मोलही निमूटपणे त्याच्यामागे चालत येते.